झोपेत भानावर येणं

डोळे मिटून बसा आणि दहा श्वास मोजा. काम एवढंच. पहिले तीन श्वास नीट पार पडतात. चौथ्याला आठवतं की एका मेलचं उत्तर द्यायचं राहिलंय. पाचवा मोजला की नाही कोण जाणे, कारण तोवर उत्तराचा मजकूर मनात जुळायला लागलेला असतो. मग तो वाचणाऱ्याचा चेहरा दिसतो, तो काहीतरी खोचक बोलतो, आपण त्याला दुप्पट खोचक ऐकवतो, दातावर दात दाबले जातात. आणि मग अचानक: अरे! श्वास मोजायचे होते ना?

त्या ‘अरे’च्या आधीची दोन मिनिटं तुम्ही कुठे होता? खोलीत तर नव्हता. जो प्रसंग घडतच नव्हता त्यात होता. त्यात माणसं होती, संवाद होते, राग अगदी खरा होता, आणि हे सगळं मनात चाललंय याचा पत्ता नव्हता. झोप तेवढी नव्हती, बाकी ते स्वप्नच होतं. ‘अरे’ म्हणजे त्यातून भानावर येणं.

हाच ‘अरे’ झोपेत उमटला, आणि स्वप्न मोडलं नाही, तर त्याला लुसिड ड्रीम म्हणतात. स्वप्न चालू आहे, दृश्य दिसतंय, हाताला स्पर्श कळतोय, आणि त्याच वेळी ‘मी झोपलेय, हे स्वप्न आहे’ हेही कळतंय. ध्यानाचा आणि या स्वप्नांचा संबंध इथे आहे. या विषयाला चिकटलेली गूढ कंपनं आणि रात्रभर वाजवायच्या ध्वनिफिती बाजूला ठेवल्या तरी काही बिघडत नाही.

एक गैरसमज आधीच काढून टाकते. लुसिड म्हणजे हवं तसं वळवता येणारं स्वप्न नव्हे. उडावंसं वाटलं आणि उडता आलं, हा पुढचा भाग, आणि तो बऱ्याचदा जमतही नाही. खूप रंगीत, ठसठशीत, सकाळभर आठवणारं स्वप्न म्हणजेही लुसिड नव्हे. स्वप्नाच्या आत असताना ‘हे स्वप्न आहे’ हे कळलं की नाही, कसोटी एवढीच. हा शब्द रूढ केला फ्रेडरिक फान एडन या डच मनोविकारतज्ज्ञाने, १९१३ सालच्या एका निबंधात. अनुभव अर्थातच त्याहून खूप जुना आहे आणि फारसा दुर्मीळही नाही. पन्नास वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये घेतला गेला, त्यात सुमारे ५५ टक्के लोकांनी आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडल्याचं सांगितलं होतं. महिन्यातून एकदा किंवा जास्त वेळा पडणारे साधारण २३ टक्के.

डोळ्यांनी दिलेली साक्ष

‘मला झोपेत कळलं की मी झोपलोय’ असं कुणी म्हटलं तर त्यावर विश्वास का ठेवायचा? क्षणभर जाग आली असेल, असं शास्त्रज्ञ बरीच वर्षं म्हणत होते. त्यातून वाट काढली ती शरीराच्याच एका सोयीने. आपण सगळ्यात जास्त स्वप्नं पाहतो त्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, मानेखालचे स्नायू जवळजवळ लुळे पडलेले असतात, नाहीतर स्वप्नात धावताना आपण खरंच पलंगावरून उडी मारली असती. डोळे मात्र त्यातून सुटतात. पापण्यांआड ते फिरत राहतात.

मग झोपण्यापूर्वीच ठरवून ठेवलं तर? स्वप्नात भान आलं की डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे असं ठरलेल्या वेळा बघायचं. १९७५ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली या माणसाच्या डोळ्यांच्या अशा खुणा यंत्रावर टिपल्या. बाकी सगळे आलेख रेम झोपच दाखवत होते. हर्न यांच्या कामाची फारशी चर्चा झाली नाही. काही वर्षांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवून दिलं, आणि मग या विषयाला प्रयोगशाळेत बसायला खुर्ची मिळाली.

२०२१ मध्ये तर मजल पुढे गेली. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या गटांनी मिळून झोपलेल्या माणसांना चक्क प्रश्न विचारले. आठातून सहा गेले किती? स्वप्नात असलेल्या माणसाने डोळे दोनदा डावीकडून उजवीकडे फिरवले. दर वेळी उत्तर मिळालं असं अजिबात नाही, बहुतेक वेळा मिळालंच नाही. पण जेव्हा मिळालं तेव्हा झोपेची भिंत वाटते तेवढी जाड नाही हे दिसलं.

स्वप्नात आपण इतके भोळे का असतो?

दहा वर्षांपूर्वी वारलेला माणूस दारात उभा राहतो आणि आपण त्याला ‘या, बसा’ म्हणतो. घराला एक मजला जास्त असतो, कुणाला काही वाटत नाही. रेम झोपेत भावना आणि दृश्यं हाताळणारे मेंदूचे भाग जोरात कामाला लागलेले असतात. कपाळामागच्या भागातलं तपासनिसाचं खातं, म्हणजे विसंगती हेरणं, आत्ता मी काय करतोय याची नोंद ठेवणं, हे मात्र मंदावलेलं असतं. पिक्चर चालू, तपासनीस रजेवर. लुसिड स्वप्नात हा तपासनीस थोडा वेळ कामावर परत येतो असं दिसतं. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये लुसिड स्वप्नाच्या वेळी मेंदूचं स्कॅन केलं, त्यात हे पुढचे भाग पुन्हा उजळलेले दिसले. पाहणी अगदी मोजक्या माणसांची होती, म्हणून त्यावर मोठा मनोरा बांधू नये.

ध्यानात आपण नेमका हाच तपासनीस घडवत असतो. मन कुठे आहे यावर नजर ठेवणारं मन. मग ध्यान करणाऱ्यांना लुसिड स्वप्नं जास्त पडतात का?

पडतात. पण या उत्तराला एक शेपूट आहे, आणि खरी गंमत त्या शेपटात आहे. पाचशेहून अधिक लोकांची एक पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसा सजग राहण्याची सवय आणि लुसिड स्वप्नं यांचा संबंध तिच्यात आढळला, पण फक्त ध्यानाचा अनुभव असलेल्यांमध्ये. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटाला वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्यांमध्ये लुसिड स्वप्नांचं प्रमाण जास्त दिसलं. त्याच अभ्यासात नवख्या लोकांना आठ आठवड्यांचा सजगतेचा अभ्यासक्रमही दिला होता. त्यांच्या लुसिड स्वप्नांत वाढ झाली नाही.

याचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो. एक, आठ आठवडे फार थोडे. दुसरा अर्थ जरा टोचणारा आहे: जे लोक मुळातच असे निरीक्षण करणारे असतात तेच वर्षानुवर्षं ध्यानाला टिकतात आणि त्यांनाच अशी स्वप्नं पडतात, म्हणजे ध्यान हे कारण नसेलही. मला स्वतःला वाटतं, रोज वीस मिनिटं बसलं की स्वप्नं आपोआप भानावर येतील ही अपेक्षाच चुकीची. आपल्याकडची म्हण आहे ना, मनी वसे ते स्वप्नी दिसे. श्वासाचं ध्यान करणाऱ्याच्या मनात श्वास वसतो, ‘हे स्वप्न तर नाही?’ हा प्रश्न वसत नाही. तो वेगळा वसवावा लागतो. ध्यान त्याला जागा करून देतं, इतकंच.

कसं बसायचं

एकाग्रतेचं ध्यान छान, पण या कामाला त्यातला एक विशिष्ट क्षण हवा, आणि तो बहुतेक जण घाईत ओलांडून जातात. मन भरकटलं, लक्षात आलं, चला परत श्वासाकडे. थोडी लाजही वाटलेली असते. तसं करू नका. ‘अरे’ उमटला की एक-दोन श्वास तिथेच थांबा आणि मागे वळून बघा. कुठे होते मी? तिथे कोण होतं? कसली भावना होती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते खरं कसं काय वाटत होतं? मेलचं भांडण मिटल्यावर आवळलेला जबडा अजून तसाच असतो, तो जाणवू द्या. घडलंच नाही ते शरीराने घडल्यासारखं धरलं होतं, हे शरीरातच सापडतं. मग सावकाश परत या.

पंधरा-वीस मिनिटांत असे चार-पाच ‘अरे’ आले तर बैठक फुकट गेली असं समजू नका. उलट या सरावासाठी भरकटणं हाच कच्चा माल आहे. ज्याचं मन जागचं हललंच नाही त्याला परत यायचा सराव करायला काही मिळालंच नाही.

दिवसाच्या उरलेल्या वेळात याचीच छोटी आवृत्ती चालू ठेवायची. लुसिड स्वप्नांच्या वाटेला गेलेल्या प्रत्येकाला ‘वास्तव तपासणी’ माहीत असते. एखादी पाटी वाचायची, नजर दुसरीकडे न्यायची, परत वाचायची. स्वप्नात अक्षरं बहुधा बदलतात. किंवा नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहायचा. स्वप्नात तो खुशाल आत येतो. यात चूक होते ती यांत्रिकपणाची. दिवसातून वीस वेळा नाक दाबून ‘नाही, जागाच आहे’ म्हणणारा माणूस स्वप्नातही नाक दाबतो, श्वास आत येतो, आणि तो म्हणतो, ‘हां, जागाच आहे.’ हसू नका, असं होतं. म्हणून तपासणी म्हणजे अर्ध्या मिनिटाचं ध्यान असायला हवं. मी इथे आले कशी? पाच मिनिटांपूर्वी कुठे होते? पायाखाली काय जाणवतंय? हे स्वप्न असतं तर मला कशावरून कळलं असतं? या प्रश्नावर खरोखर अडखळायला झालं, पोटात किंचित गोळा आला, तर तपासणी नीट झाली. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल टोले यांनी या गंभीरपणे विचारलेल्या प्रश्नालाच आपल्या पद्धतीचा पाया केला होता.

पहाटेची बैठक

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट, वेळ. झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. सुरुवातीच्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त आणि रेम अगदी काही मिनिटांची. पहाटेकडे गाढ झोप आटते आणि रेमचे तुकडे लांबत जातात. म्हणजे रात्री अकराला अंथरुणात पडल्या पडल्या केलेलं ध्यान स्वप्नांच्या दृष्टीने चुकीच्या गाडीत चढल्यासारखं आहे. झोप छान लागेल, पण ज्या स्टेशनावर उतरायचंय ते पाच तास दूर.

म्हणून साडेचार-पाच तास झोपून उठायचं. मोठा दिवा लावायचा नाही, फोन बघायचा नाही. आधी नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं. जाग आल्यावर लगेच कूस बदलली तरी ते निसटतं, तेव्हा आहे तसं पडून शेवटच्या दृश्याला धरून मागे मागे जायचं आणि दोन ओळी वहीत लिहायच्या. ही वही नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. लुसिड स्वप्न पडूनही सकाळी आठवलं नाही तर काय उपयोग? मग दहा-पंधरा मिनिटं ताठ बसायचं, वर सांगितलं तसं.

त्यानंतर आडवं होऊन संकल्प. लाबर्ज यांनी ही पद्धत बांधली. वहीतलं स्वप्न परत डोळ्यांपुढे आणायचं, त्यातली विचित्र जागा शोधायची आणि त्या जागी आपल्याला ‘अरे, हे स्वप्न आहे’ असं कळतंय असं बघायचं. सोबत एक वाक्य: पुढच्या स्वप्नात मला आठवेल की मी स्वप्नात आहे. जप करायचा नाही, अर्थ धरून म्हणायचं. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवसाची तपासणी, पहाटे उठणं आणि हा संकल्प तिन्ही करणाऱ्यांना सुमारे १७ टक्के प्रयत्नांत यश आलं. संकल्प झाल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली त्यांच्यात हाच आकडा ४६ टक्क्यांच्या आसपास गेला.

पाच मिनिटांच्या या अटीत ध्यानाची दुसरी बाजू लपलेली आहे. बसून इतकं टक्क जागं व्हायचं नाही की झोपच उडेल, आणि इतकं ढिलं सोडायचं नाही की संकल्प हवेत विरेल. रोज बसणाऱ्याला हा काटा थोडा हातातला असतो. आडवं झाल्यावर मी लक्ष फिरतं ठेवते: पापण्यांआडचा अंधार, मग कानावर येणारे आवाज, मग अंगाचा भार, परत अंधार. तीन-चार फेऱ्यांनंतर अंधारात काहीबाही हलायला लागतं. एखादी जाळी, एखादा चेहरा, कुणीतरी मधलंच वाक्य बोलून जातं. त्यातल्या कशाच्याही मागे धावलं की ते विझतं. नुसतं असू दिलं तर कधीकधी ते पसरतं, त्याला खोली मिळते, उजेड मिळतो, आणि आपण थेट आत असतो. नवख्याने याचा हट्ट धरू नये. या उंबरठ्यावर कुणाकुणाला अंग जखडल्यासारखं वाटतं, छातीवर भार येतो, खोलीत कुणीतरी असल्याचा भास होतो. रेममधला स्नायूंचा लुळेपणा जाग यायला लागल्यावरही थोडा टिकला की असं होतं. भीतीदायक असतं, पण आपोआप ओसरतं.

माझं पहिलं नीट लुसिड स्वप्न एका चपलेचं होतं. एका लांबच लांब जिन्यावर मी उजव्या पायातली चप्पल शोधत होते. प्रत्येक पायरीवर चपला होत्या, सगळ्या डाव्या. चौथ्या की पाचव्या पायरीला मी थबकले. चपला विचित्र आहेत हे सुचलंच नाही. सुचलं ते हे, की मी केव्हापासून हे चालवलंय? बैठकीतला तोच प्रश्न. आणि लख्ख कळलं. कठड्याचं लोखंड हाताला गार लागत होतं, त्यावरच्या रंगाचे पोपडेसुद्धा दिसत होते. इतका आनंद झाला की मी ओरडले, आणि छत दिसलं. सगळं मिळून आठ-दहा सेकंद.

बहुतेकांचं पहिलं असंच आनंदात बुडतं. उत्तेजना वाढली की जाग येते. इथे ध्यानातली ती दुसरी सवय कामी येते, काहीही उगवलं तरी लगेच त्यावर झडप न घालण्याची. आधी काही करूच नये. उभं राहावं, तळहात एकमेकांवर घासावेत, जमिनीकडे बघावं. स्वप्न फिकट व्हायला लागलं तर स्पर्शाला धरून ठेवावं.

जुन्या वाटा आणि थोडी सावधगिरी

हे सगळं प्रयोगशाळांनी शोधून काढलं असं वाटायला नको. मांडूक्य उपनिषदाच्या अवघ्या बारा मंत्रांत जागृती, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप, आणि या तिन्हींपलीकडची चौथी अवस्था, तुरीय, यांचा विचार आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादातलं ३८ वं सूत्र म्हणतं, ‘स्वप्ननिद्राज्ञानालम्बनं वा’, स्वप्नातून किंवा निद्रेतून मिळालेल्या ज्ञानाचा आधार घेऊनही चित्त स्थिर होतं. तिबेटी बौद्ध परंपरेत नारोपा या भारतीय बौद्ध सिद्धाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा योगांपैकी एक स्वप्नयोग आहे, मिलाम. दिवसभर ‘हे सगळं स्वप्नवत आहे’ याचं स्मरण ठेवणं हा त्याचा पाया. तिथे उडण्याची हौस भागवायची नव्हती, जागेपणीचं जगसुद्धा आपण किती सहज खरं धरतो हे बघायचं होतं. पद्धतीत साम्य आहे म्हणून हेतूही एकच होता असं मानणं बरोबर नाही.

सावधगिरीचं मात्र मोघम बोलून चालणार नाही. पहाटे उठण्याचा प्रयोग आठवड्यातून एक-दोनदाच, आणि सकाळी उशिरापर्यंत झोपता येईल अशाच दिवशी. झोप आधीच तुटक असेल तर आधी ती सुधारा. ज्यांना भास होतात, ज्यांना मनोविकारावर औषधं चालू आहेत किंवा जागेपणीही सगळं अवास्तव वाटण्याचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. वास्तवावर दिवसातून वीसदा शंका घेणं हे सगळ्यांना मानवणारं औषध नाही. वारंवार दुःस्वप्नं पडणाऱ्यांना या तंत्राचा उपयोग होतो असं काही लहान अभ्यासांत दिसलंय, पण तेही जाणकाराच्या मदतीनेच करावं.

राहता राहिली एक फसगत, जी या वाटेवरच्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येते. मागच्या खेपेला मी एका लुसिड स्वप्नातून जागी झाले, खूश होते. उशाशी वही होती, पेन होतं. सगळं स्वप्न सविस्तर लिहून काढलं, पानाच्या खाली तारीखही घातली. मग सहज पहिली ओळ परत वाचली. तिथे दुसरंच काहीतरी लिहिलेलं होतं.